ठाणे आणि नवी मुंबईचे महापौर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं महापालिकेच्या महासभांचं, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभांचं, वार्तांकन केलं. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक अजूनही महापालिकेबद्दल मला विचारत असतात. लिफ्टमध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, व्हॉट्सॲपवर तर रोजच. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीची दोनदा उजळणी नको म्हणून जिथे गरज पडली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्रीच ना?

नाही. बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. तुलनाच करायची तर महापौर हे विधानसभेच्या अध्यक्षांच्या जवळ जातात. ते सभा चालवतात, शहराचे प्रथम नागरिक म्हणून मान घेतात, पाहुण्यांचं स्वागत करतात. कारभार चालवण्याचा अधिकार कायद्याने आयुक्तांकडे दिला आहे आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करतं. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालतात. जुनी माणसं त्याला अजून ‘बीपीएमसी ॲक्ट’च म्हणतात. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा. त्यामुळे मुंबईच्या बातम्या वाचून ठाण्याचे नियम ठरवू नका.

२. ठाण्याला महापौर कधीपासून आहे? आणि नवी मुंबईला?

ठाण्याची नगरपालिका १८६३ सालची. तेव्हापासून शंभराहून जास्त वर्षं इथे नगराध्यक्ष होते. १ ऑक्टोबर १९८२ रोजी कळवा, मुंब्रा आणि घोडबंदर पट्ट्यातली गावं जोडून महानगरपालिका झाली. पहिली चार वर्षं प्रशासकाची गेली. १९८६ मध्ये निवडणूक झाली आणि सतीश प्रधान पहिले महापौर झाले.

नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ पासून आहे. तिची पहिली निवडणूक १९९५ ची. पहिले महापौर संजीव नाईक. तेव्हा ते जेमतेम तेविशीत होते. ज्या वयात आपल्याकडची मुलं पहिल्या नोकरीचा अर्ज भरतात, त्या वयात हे सभागृहाला ‘शांत राहा’ म्हणत होते. नवी मुंबईतले बडे नेते गणेश नाईक यांचा मुलगा म्हणून संधी मिळाली हे उघड आहे, ते कुणी लपवलंही नाही.

३. मतदान करताना महापौरासाठी वेगळं बटण का नव्हतं?

कारण महापौर तुम्ही निवडत नाही, तुमचे नगरसेवक निवडतात. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानात ठाण्यातल्या बहुतेकांनी चार बटणं दाबली, ती एकाच प्रभागातल्या चार जागांसाठी होती. ठाण्यात १३१ नगरसेवक आणि ३३ प्रभाग आहेत. त्यातला एक प्रभाग तीन जागांचा, बाकीचे चारांचे. नवी मुंबईत १११ नगरसेवक. तिथे २०१५ पर्यंत एका वॉर्डाला एक नगरसेवक अशी पद्धत होती. पॅनेल पद्धत तिथल्या मतदाराला २०२६ मध्ये पहिल्यांदाच भेटली. ‘आमचा नगरसेवक नक्की कोणता?’ हा प्रश्न नेरूळ-घणसोलीहून म्हणूनच येतो. उत्तर : चौघेही.

४. महापौराच्या निवडीच्या दिवशी सभागृहात नेमकं काय होतं?

जितकं नाट्य बाहेर असतं तितकं आत नसतं. निकालानंतर प्रत्येक पक्षाचे नगरसेवक बेलापूरच्या कोकण भवनात जाऊन विभागीय आयुक्तांकडे गटाची नोंदणी करतात. आकडे काठावर असतील तर त्या आधी आणि नंतर ‘सहल’ ठरलेली. मोबाइल बंद, हॉटेल कुठलं ते घरच्यांनाही माहीत नाही.

उमेदवारी अर्ज काही दिवस आधी महापालिका सचिवांकडे भरतात. निवडीच्या दिवशी जुने महापौर खुर्चीत नसतात. पीठासीन अधिकारी म्हणून बहुधा जिल्हाधिकारी बसतात. छाननी होते, अर्ज मागे घ्यायला पंधरा मिनिटं देतात. ही पंधरा मिनिटं मी प्रेक्षक गॅलरीतून अनेकदा पाहिली आहेत. सगळ्यांच्या नजरा घड्याळावर, कुणीतरी कुणाच्या तरी कानाशी लागलेला, आणि ज्याचं नाव ठरलेलं आहे तो उगाचच कागद चाळत बसलेला. अर्ज उरले तर हात वर करून मतदान. एक कर्मचारी रांगेने नावं टिपत जातो. गुप्त मतदान नसल्यामुळे कुणाचा हात वर गेला नाही ते लगेच कळतं, आणि व्हिप (पक्षाचा आदेश) मोडला तर नगरसेवकपद जाऊ शकतं.

निकाल जाहीर झाला की पाचपाखाडीच्या मुख्यालयाबाहेर ढोल सुरू होतात. आत मात्र लगेच उपमहापौराची निवड असते. तोवर निम्मी गॅलरी गुलाल खेळायला खाली गेलेली असते.

५. दोन उमेदवारांना सारखीच मतं पडली तर?

चिठ्ठी टाकतात. पीठासीन अधिकाऱ्यांसमोर चिठ्ठी काढून निकाल लागतो. हा नियम फक्त महापौर-उपमहापौराच्या निवडीसाठी. एरवी महासभेत एखाद्या ठरावावर समसमान मतं पडली तर अध्यक्षस्थानी बसलेल्या महापौरांना निर्णायक मत असतं.

स्वीकृत, म्हणजे मतदारांनी न निवडता नेमलेल्या नगरसेवकांना मात्र महापौराच्या निवडीत मत नाही. सभागृहात बसता येतं, बोलता येतं, हात वर करता येत नाही.

६. महापौरपदाचं आरक्षण कोण ठरवतं?

राज्याचा नगरविकास विभाग. मंत्रालयात सोडत निघते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागास प्रवर्ग, महिला आणि सर्वसाधारण असं चक्राकार पद्धतीने आरक्षण पडतं. महापौरपदाची मुदत अडीच वर्षांची असल्याने पाच वर्षांत दोन आरक्षणं येतात. पूर्वी मुदत एकच वर्षाची होती.

सोडतीच्या दिवशी अनेकांची वर्षभराची तयारी एका चिठ्ठीवर पाण्यात जाते. बॅनरवर ‘भावी महापौर’ छापून घेतलेले लोक संध्याकाळी ते बॅनर स्वतःच उतरवताना मी पाहिले आहेत. उपमहापौरपदाला असं आरक्षण नाही. म्हणून नाराजांची समजूत बहुधा तिथेच काढली जाते.

७. पद महिलेसाठी राखीव असेल तर महिला वॉर्डातूनच निवडून यावं लागतं का?

नाही. हा प्रश्न दर वेळी येतो आणि दर वेळी कुणीतरी छातीठोकपणे चुकीचं उत्तर देतं. प्रभागाचं आरक्षण वेगळं, महापौरपदाचं वेगळं. खुल्या जागेवरून निवडून आलेली महिला महिला-राखीव पदावर बसू शकते. खुल्या जागेवरून आलेली पण अनुसूचित जातीची व्यक्ती त्या प्रवर्गाच्या पदासाठी अर्ज करू शकते. उलट, पद ‘सर्वसाधारण’ असेल तर ते सर्वांना खुलं असतं, ‘फक्त खुल्या प्रवर्गाला’ असा त्याचा अर्थ होत नाही. अडचण येते ती जात पडताळणी प्रमाणपत्राची. राखीव जागेवर निवडून आलेल्याने ते मुदतीत दिलं नाही तर नगरसेवकपदच जातं, आणि नगरसेवकपद गेलं की महापौरपद उरत नाही.

८. आमच्या गल्लीतली गटार तुंबली आहे. महापौरांना पत्र दिलं, काही झालं नाही. का?

कारण पत्र चुकीच्या टेबलावर गेलं. गटार, कचरा, दिवाबत्ती, अनधिकृत बांधकाम ही कामं प्रभाग समितीच्या कार्यालयातून, म्हणजे सहायक आयुक्तांकडून होतात. पाण्याची तक्रार पाणीपुरवठा विभागाच्या उपअभियंत्याकडे. महापौर कुठल्याही कनिष्ठ अभियंत्याला लेखी आदेश देऊ शकत नाहीत (का ते प्रश्न १ मध्ये).

तरीही लोक महापौरांच्या दालनात गर्दी करतात आणि ते अगदीच निरर्थक नाही. एकदा दालनाबाहेर ताटकळत असताना समोरच घडलं. लोकमान्यनगरच्या चार बायका हंडे घेऊनच आल्या होत्या. महापौरांनी चहा मागवला, कार्यकारी अभियंत्याला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, ‘साहेब, या ताया माझ्यासमोर बसल्यात, तुम्हीच यांना सांगा पाणी कधी येणार ते,’ आणि फोन एका बाईच्या हातात दिला. आदेश नव्हता, पण तारीख मिळाली. या पदाची ताकद कायद्यात कमी आहे आणि फोनमध्ये जास्त, ती अशी.

९. मग महापौरांना अधिकार तरी कोणते?

महासभा बोलावणं, ती चालवणं, कोणाला बोलू द्यायचं ते ठरवणं, सभा तहकूब करणं, गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढणं. ऐकायला किरकोळ वाटेल. पण आयुक्तांचे धोरणात्मक प्रस्ताव, अंदाजपत्रक, भूखंडांच्या आरक्षणातले बदल, करांचे दर हे सगळं महासभेपुढे यावंच लागतं. कोणता विषय आज घ्यायचा आणि कोणता ‘पुढील सभेपर्यंत तहकूब’ ठेवायचा, हे खुर्चीवरून ठरतं. एखादा प्रस्ताव सहा महिने तहकूब ठेवला की तो न फेटाळताही संपतो.

विषयपत्रिकेच्या शेवटी येणारे ‘आयत्या वेळचे विषय’ हे त्याहून महत्त्वाचे. दुपारी सगळे जेवणाच्या घाईत असताना सचिव भराभर वाचत जातात, बाकांवरून ‘मंजूर, मंजूर’ येत राहतं आणि दोन मिनिटांत राष्ट्रगीत सुरू होतं. काय मंजूर झालं ते दुसऱ्या दिवशी इतिवृत्त पाहून कळतं. विरोधकांना राग आला की ते राजदंडाकडे, म्हणजे सभेच्या अधिकाराची खूण असलेल्या दंडाकडे धावतात. राजदंड पळवला की फोटो हमखास छापून येतो.

माझीच एक चूक सांगतो. नवखा असताना ‘महापौरांनी उद्यानासाठी निधी दिला’ अशी बातमी लिहिली. दुसऱ्या दिवशी सचिव विभागातले एक जुने कारकून म्हणाले, ‘अहो, महापौर निधी देत नसतात. महासभा मंजूर करते, आयुक्त खर्च करतात. महापौर नारळ फोडतात.’ तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून गेलेलं नाही.

१०. महापौर मोठे की स्थायी समितीचे सभापती?

मानाने महापौर. पैशाने सभापती. स्थायी समितीत १६ सदस्य असतात, निम्मे दर वर्षी निवृत्त होतात. मोठ्या ठेक्यांना मंजुरी तिथे मिळते, आयुक्त अंदाजपत्रकही आधी तिथे मांडतात. म्हणून अनुभवी नगरसेवकाला विचाराल तर तो महापौरपदाचा हार नम्रपणे नाकारून स्थायीकडे पाहतो.

११. महापौर आणि आयुक्तांचं पटलं नाही तर काय होतं?

याचं सगळ्यात मोठं उदाहरण नवी मुंबईतलं. मे २०१६ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले. अतिक्रमणांवर कारवाई, कर्मचाऱ्यांच्या वेळेवर नजर, सकाळी उद्यानात नागरिकांसोबत ‘वॉक विथ कमिशनर’. लोक खूश आणि नगरसेवक नाखूश, असं साधारण चित्र होतं. नगरसेवकांचं म्हणणं होतं की आयुक्त लोकप्रतिनिधींना किंमतच देत नाहीत. महापौर होते सुधाकर सोनवणे.

कायद्यात तरतूद अशी : एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश नगरसेवकांनी अविश्वास दाखवला तर सरकारने आयुक्तांना परत बोलवायचं. १११ च्या सभागृहात हा आकडा ७० होतो. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी ठरावाच्या बाजूने १०४ मतं पडली, विरोधात फक्त ६, ती भाजपची. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एका रांगेत हात वर करून होते.

पुढे काय झालं? सरकारने ठराव अमलात येऊ दिला नाही. महापालिकेचा कुठलाही ठराव थांबवण्याचा अधिकार कलम ४५१ ने राज्याला दिलेला आहे. मुंढे राहिले आणि मार्च २०१७ मध्ये त्यांची बदली पुण्याच्या पीएमपीएमएल या बससेवेत झाली. मला विचाराल तर दोन्ही बाजूंचं काही ना काही खरं होतं. पण १०४ निवडून आलेल्या माणसांच्या हातांपेक्षा मंत्रालयातली एक सही जड ठरली, हे महापौरपद समजून घ्यायला पुरेसं आहे.

ठाण्यातही टी. चंद्रशेखर आयुक्त असताना रस्तारुंदीकरणावरून खूप आदळआपट झाली. पण आज ठाणेकर त्या रस्त्यांवरून जाताना नाव आयुक्तांचं घेतात, तेव्हाचे महापौर कोण ते आठवावं लागतं.

१२. महापौरावर अविश्वास ठराव आणता येतो का?

नाही. आयुक्तांवर आणता येतो, महापौरावर नाही. वाचून लोक चकित होतात. २०१५ मध्ये कोल्हापुरात सभागृहाला महापौर बदलायचे होते, तेव्हा याच कारणाने बरेच दिवस पेच राहिला. गैरवर्तनाच्या कारणावरून राज्य सरकार कारवाई करू शकतं. एरवी महापौर जातात ते मुदत संपल्यावर किंवा पक्षाने राजीनामा मागितल्यावर.

पक्षाने राजीनामा मागण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ‘सव्वा-सव्वा वर्ष’. अडीच वर्षांचे दोन तुकडे करून दोघांना संधी द्यायची तोंडी बोली. कायद्यात असं काही नाही. त्यामुळे पहिल्याने सव्वा वर्षानंतर खुर्ची सोडलीच नाही, तर दुसऱ्याला फक्त पक्षनेत्याच्या दारात जाता येतं.

१३. महापौर झाल्यावर राजकारणात पुढे काय होतं?

ठाण्यात तरी हे पद चांगलीच शिडी आहे. २००९ पासून ठाण्याचा प्रत्येक खासदार माजी महापौर आहे. २००९ मध्ये संजीव नाईक निवडून आले. २०१४ मध्ये ठाण्याचे माजी महापौर राजन विचारे यांनी त्यांना हरवलं, २०१९ लाही विचारेच. २०२४ मध्ये नरेश म्हस्के यांनी विचारे यांना दोन लाखांहून जास्त मतांनी हरवलं. म्हस्के २०१९ मध्ये बिनविरोध महापौर झाले होते. दिल्लीच्या तिकिटासाठी जणू महापौरपदाचा अनुभव ही अट आहे, असं आम्ही वार्ताहर थट्टेने म्हणायचो.

सतीश प्रधान पुढे राज्यसभेवर गेले. पण ठाणेकरांच्या लक्षात ते नगराध्यक्ष म्हणूनही आहेत. १९७८ चं गडकरी रंगायतन त्यांच्या काळातलं. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा श्रद्धांजलीत खासदारकीपेक्षा रंगायतनाच्याच आठवणी जास्त निघाल्या. काँग्रेसमधून महापौर झालेले वसंत डावखरे विधान परिषदेचे उपसभापती म्हणून राज्यभर ओळखले गेले. अनंत तरे सलग तीन वेळा महापौर झाले, मुदत एक वर्षाची होती तेव्हाची ही गोष्ट.

सगळ्यांचं असं होत नाही. बरेच माजी महापौर पुन्हा प्रभागात परततात, काहींना पुढचं तिकीटही मिळत नाही.

१४. आणि ज्यांचं महापौरपद हुकलं?

त्यांचंही वाईट झालेलं नाही. १९८९ मध्ये शिवसेनेचे प्रकाश परांजपे मतं फुटल्यामुळे महापौरपदाची निवडणूक हरले आणि काँग्रेसचे मनोहर साळवी महापौर झाले. तेच परांजपे १९९६ मध्ये खासदार झाले. एकनाथ शिंदे १९९७ मध्ये नगरसेवक झाले, सभागृह नेते झाले, महापौर कधीच झाले नाहीत. २०२२ मध्ये मुख्यमंत्री झाले. गणेश नाईकही कधी नवी मुंबईचे महापौर नव्हते. मुलगा झाला, पुतणे सागर नाईक झाले.

१५. मी खारघरला राहतो. माझे महापौर नवी मुंबईचे ना?

पत्त्यात नवी मुंबई, महापौर पनवेलचे. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे सगळं १ ऑक्टोबर २०१६ ला झालेल्या पनवेल महापालिकेत येतं. तिच्या पहिल्या महापौर कविता चौतमोल. नवी मुंबई महापालिकेची हद्द दिघ्यापासून बेलापूरपर्यंत. सिडकोने वसवलेलं ‘नवी मुंबई’ हे शहर आणि ‘नवी मुंबई महापालिका’ यांच्या सीमा एक नाहीत.

दिवा, मुंब्रा, कळवा इथल्यांचे महापौर ठाण्याचे. डोंबिवलीचे मात्र कल्याण-डोंबिवलीचे, मीरा रोडचे मीरा-भाईंदरचे. उल्हासनगर आणि भिवंडी धरून ठाणे जिल्ह्यात एकूण सहा महापौर असतात.

१६. पगार, बंगला, लाल दिवा काय काय मिळतं?

पगार नाही, मानधन असतं. गाडी, दालन, कर्मचारी असतात. ठाण्याचा महापौर बंगला उपवन तलावाकाठी आहे, नवी मुंबईचा बेलापूरच्या पारसिक हिलवर. दोन्ही जागा अशा की मुदत संपल्यावर सोडवत नसतील. लाल दिवा १ मे २०१७ पासून देशभर गेला, मंत्र्यांचाही गेला.

१७. मधली काही वर्षं महापौरच नव्हते, ते कसं?

नवी मुंबईच्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. आधी कोविड, मग आरक्षण आणि प्रभागरचनेचे न्यायालयीन वाद. निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. तोवर आयुक्तच प्रशासक होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. जयवंत सुतार हे नवी मुंबईचे त्याआधीचे शेवटचे महापौर. त्यांच्यानंतर साडेपाच वर्षांहून जास्त काळ ती खुर्ची रिकामी होती.

१८. महापौर महिला असतील तर ‘महापौरीण’ म्हणायचं का?

महापौरच म्हणायचं. ‘महापौर मीनाक्षी शिंदे यांनी सांगितलं’, असंच. ‘महापौर’ हा शब्द सावरकरांनी मेयरसाठी सुचवला आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो. ‘महापौरीण’ म्हणजे महापौरांची बायको असा काहीतरी घोळ होतो. समोरासमोर लोक ‘ताई’ म्हणतात. सभागृहात मात्र एकच संबोधन चालतं, ‘सन्माननीय महापौर’. अगदी राजदंडाकडे धावत जातानाही नगरसेवक तेच म्हणतात.